नेमणूक नसलेले सर

सर, मागच्या महिन्यात मी जुन्नरला एका ज्युनिअर कॉलेजात मुलाखतीला गेले होते. समोर बसलेल्यांपैकी एकानं माझ्या गुणपत्रिकेवरची सालं बघितली आणि शेजारच्याकडे वळून म्हणाला, "कोरोना बॅच दिसतेय." शेजारचा हसला. मग माझ्याकडे बघून, अगदी प्रेमानं म्हणावं तसं म्हणाला, "मजा होती राव तुमची. घरबसल्या पास." मी पण थोडं हसले. मुलाखतीत हसावं लागतं. पण बाहेर येऊन एसटी स्टँडवरच्या बाकावर बसले ती बसूनच राहिले. घोडेगावची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली, आणि मी तिथंच. त्या माणसाचा मला राग आला नव्हता. मला धक्का बसला होता तो याचा, की इतक्या थोड्या वर्षांत हे सगळं असं पुसलं जाऊ शकतं. जणू त्या वर्षांत आम्ही खरंच घरात पाय पसरून बसलो होतो. त्या बाकावर बसून मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत होते, आणि उत्तर देता देता ते तुमच्याशीच बोलणं झालं. म्हणून हे लिहितेय. तुम्हाला यातलं निम्मं माहीत आहे. उरलेलं निम्मं तुम्ही गेल्यानंतरचं आहे.

कॉलेज बंद झालं त्या दिवशी मंचरच्या आमच्या खोलीतून मी दोन कपडे आणि एक वही घेऊन निघाले होते. आठवडाभराची सुट्टी असेल असंच वाटलं होतं. खोलीत आम्ही दोघी राहायचो, मी आणि जुन्नरकडची माझी मैत्रीण. तिनं तर भिजवलेली मटकी झाकून ठेवली होती, आल्यावर मोड आलेले असतील म्हणून. मी डिंभ्याच्या धरणापलीकडं, आमच्या डोंगरातल्या घरी गेले. वडील पुण्यात एका मेसमध्ये स्वयंपाकी होते. मेसमध्ये जेवणारी मुलंच आपापल्या गावी गेली, तेव्हा मालकानं मेसला कुलूप लावलं. वडील चालत, मिळेल त्या टेम्पोत बसत घरी आले. अंगणात येऊन उभे राहिले तर मी त्यांना ओळखलंच नाही. तोंडाला गमछा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आईनं त्यांना गोठ्याच्या कडेला वेगळं अंथरूण घालून दिलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना वाढलेला माणूस गोठ्यात बसून ताटलीची वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत मी जे बघितलं ती भूक नव्हती, लाज होती. घरात भात होता, नाचणी होती, तेवढी प्रत्येकाकडं असते. पण तेल, मीठ, फोनचा रिचार्ज, परीक्षेची फी यांना भात चालत नाही. म्हणून खोडदच्या बाजूला कांदा काढायला टोळी जातेय असं कळल्यावर आईनं माझ्याकडं न बघता माझाही विळा पिशवीत टाकला.

गावांनी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. टोळीला जा-ये करता येणार नव्हती, म्हणून शेतमालकानं आम्हाला बराखीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला जागा दिली. बराख म्हणजे कांदा साठवायची लांबलचक जाळीची चाळ, तिच्या सावलीत दुपारी बसता यायचं. दिवसभर पात कापायची, कांदा एका बाजूला, पात एका बाजूला. समोर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या घराएवढ्या डिश. त्या मध्येच सगळ्या मिळून हळूहळू मान वळवायच्या, आणि टोळीतल्या बाया म्हणायच्या, "बघ, आपल्याकडं बघाया लागल्या." मला मात्र त्यांच्याकडं बघवत नव्हतं. आदल्या वर्षी तुम्ही आमच्या वर्गाला तिथं सहलीला नेलं होतं. मी तेव्हा धुतलेला ड्रेस घालून, वेणीला रिबन लावून आले होते.

मंचरहून आडतदाराची पिकअप गोण्या न्यायला यायची. तिच्याबरोबर दोन माणसं असायची, गोण्या भरणारी आणि चढवणारी. त्या दिवशी त्यातल्या एकाच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. प्रॅक्टिकलच्या दिवशी तुम्ही घालायचात तसा. मला वाटलं, असे शर्ट पुष्कळ असतात. मग त्या माणसानं पाठीवर गोणी घेतली, पाय फाकवून तोल सावरला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "फळकूट लाव की भाऊ, लई जड व्हतंय." माझ्या हातातला विळा हातातच राहिला. आवाज तुमचा होता आणि भाषा तुमची नव्हती. वर्गात तुम्ही कधी 'लई' म्हणाला नव्हतात, 'व्हतंय' तर नाहीच. मी उभी राहिले. तुम्ही गोणी टाकून वळलात, टॉवेलनं मान पुसलीत, आणि आपली नजरानजर झाली. तुम्ही टॉवेल तोंडावर ओढून घेतलात. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो परत खाली केलात.

आईनं विचारलं, "कोण गं?" मी म्हणाले, "आमचे सर." आईला वाटलं, मला ऊन लागलंय. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग तुम्हीच आमच्याकडं चालत आलात आणि माझं नाव घेऊन विचारलंत, "किती झालं वाचून?" एवढंच. जणू आपण लायब्ररीच्या दारात भेटलो होतो. आई गडबडीनं उठली, डोक्यावर पदर घेतला, कळशीतलं पाणी तांब्यात ओतून पुढं केलं. मला आठवतं, ओतताना अर्धं पाणी तिनं खाली सांडलं. गोणी उचलणाऱ्या माणसाला पाणी देताना तिनं कधी थेंब सांडला नव्हता. मास्तर गोणी उचलतो, याचं तिला भय वाटलं होतं. मलाही भयच वाटलं. डोंगराच्या पायथ्यापासून इथपर्यंत मी जिच्या आधारानं चालत आले होते ती वाटच कुणीतरी मागून उचलून नेली, असं काहीतरी.

दुपारी बराखीच्या सावलीत तुम्ही आमच्यापासून अंतर ठेवून डबा उघडलात. मग थोडं थोडं सांगितलंत. तुम्ही तासिका तत्त्वावर होतात. तास झाला तर मानधन, तास नाही तर काही नाही. हे आम्हा मुलांना ठाऊकच नव्हतं. आमच्या लेखी सर म्हणजे सर. मंचरमध्येच गोण्या उचलल्या तर ओळखीचे बघतात, म्हणून गाडीवर बसून इतक्या लांब. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता सर, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "सर, येवढं शिकून तुमी पण गोण्याच भरताय. मंग माझ्या पोरीनं कशापाई शिकायचं? आमी तर आता तिचं कालेज बंद करायचं ठरिवलंय."

तुम्ही बराच वेळ भाकरीचा तुकडा हातात धरून बसलात. मला वाटलं तुम्ही उठून जाल. मग आईच्याच बोलीत म्हणालात, "मावशी, शिकलो नसतो तरी म्या गोण्या भरल्याच असत्या. पण गोणी भरताना माझ्या डोस्क्यात दुसरं कायतरी चालू असतंय. तेवढ्यावर माझा दिस निघतो. तिचं तेवढं काढून घेऊ नगा." मग तुम्ही माझ्याकडं वळलात, आणि आता भाषा वर्गातली झाली. "आणि कॉलेज सोडायचं तू कधी ठरवलंस? मला विचारलंस?" मी म्हणाले, घरचं असं आहे, फी नाही, डोंगरात रेंज नाही. माझा आवाज चिरकत होता. तुम्ही म्हणालात, "रडायचं असेल तर रड. पण जून लागला की तासाला हजर राहायचं. रेंज कुठं येते ते शोधून ठेव." इतक्या कडक आवाजात तुम्ही कधी वर्गातही बोलला नव्हतात. टोळीतल्या बाया कांदे कापायच्या थांबून बघत होत्या. पिकअपच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तुम्ही डबा बंद केलात आणि परत गोण्यांकडं गेलात.

रेंज मी शोधली. आमच्या भातखाचरांच्या वरच्या अंगाला एक उतार आहे, तिथं जांभळाच्या झाडाला पाठ लावून बसलं की फोनवर दोन काड्या यायच्या. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असायची. मी कमरेपर्यंत भिजलेली, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, फोन पिशवीत. पायाला जळू चिकटली तरी हलता यायचं नाही, हललं की तुमचा आवाज जायचा. संध्याकाळचा तास असायचा. कॉलेजच्या ग्रुपवर दुसरे सर पीडीएफ टाकायचे, तास मात्र तुमचाच. तुम्ही हजेरी घेताना प्रत्येकाला विचारायचात, "जेवलात का?" सगळे एका सुरात 'हो सर' म्हणायचे. कुणाच्या मागं म्हशी हंबरायच्या, कुणाच्या मागं भांडण चालू असायचं. एक दिवस एका मुलाचा नंबर आला. तो मंचरला एका हॉटेलात काम करून शिकायचा आणि हॉटेल बंद झाल्यावरही, घरी जाण्यासारखं घर नाही म्हणून, खोलीवरच राहिला होता. तुम्ही विचारलंत, जेवलास का. तो म्हणाला, "नाही सर." एवढंच. मग कुणाचाच आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली. फोन कानाशी धरून बघितला तर तुमच्या श्वासाचा आवाज येत होता. इतके दिवस आम्ही सगळे खोटं बोलत होतो आणि ते खोटं त्या एका 'नाही'नं उघडं पडलं होतं. तुम्ही म्हणालात, आज तास इथंच थांबवू. नंतर त्या मुलानंच सांगितलं, तासाभरात तुम्ही डबा घेऊन त्याच्या दारात उभे होतात, आणि त्यानंतर त्याला रोज तुमच्या घरून डबा जायचा. डब्यात काय असायचं विचारलं तर म्हणाला, कांद्याची भाजी. रोज.

दुसऱ्या उन्हाळ्यात परत सगळं बंद झालं. मी आणि आई परत त्याच शेतावर, त्याच शेडमध्ये. माझी मैत्रीण तासाला दिसेनाशी झाली होती. हजेरीला सगळ्यात आधी तिचाच आवाज यायचा, तो बंद झाला. मी फोन लावला की बंद. मग एक दिवस तिच्या आईचाच फोन आला. म्हणाली, "ती बोलतच न्हाई गं. जेवत न्हाई. कडी लावून बसलीय." मी तुम्हाला कळवलं. तासाभरात तुमची मोटारसायकल बांधावर येऊन उभी राहिली. आईनं भाकरी बांधून दिली. नारायणगावच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं, तुम्ही कॉलेजचं ओळखपत्र दाखवून म्हणालात, परीक्षेचं काम आहे. त्यानं नीट बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यावरचं वर्ष उलटून गेलेलं त्याला दिसलं असतं. मला तेव्हा तेही माहीत नव्हतं.

तिच्या घरापुढच्या अंगणात तेलाचा एक काळा डाग होता. तिथं तिच्या वडिलांची व्हॅन उभी असायची, शाळेच्या मुलांना ने-आण करायची. शाळाच नाहीत म्हटल्यावर हप्ते थकले आणि फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेली. वडील त्या डागाकडं पाठ करून बसले होते. आम्हाला 'या' सुद्धा म्हणाले नाहीत. तिची आई म्हणाली, स्थळ आलंय, मुलगा बरा आहे, एक खाणारं तोंड तरी कमी होईल म्हणून हो म्हणणार होतो. त्यावर पोरगी एका शब्दानं नाही म्हणाली नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं बोलणंच टाकलं. मी दार वाजवलं, हाका मारल्या. आतून काही नाही. खिडकीच्या फटीतून अंधारात तिचे गुडघे तेवढे दिसले. मी एका खोलीत जिच्याबरोबर राहिले, जिच्या हसण्यानं शेजारचे भिंत वाजवायचे, तिचे ते गुडघे बघून मी खिडकीचा गज घट्ट धरला.

तुम्ही खिडकीखाली, अंगणातच मांडी घालून बसलात. तोंडावर मास्क, हात मांडीवर. मला वाटलं तुम्ही तिला समजावाल, शिक्षणाचं महत्त्व वगैरे सांगाल. तुम्ही म्हणालात, "हे बघ, मला तुला काही सांगायचंय, ते अजून मी माझ्या बायकोलाही नीट सांगितलेलं नाही. माझी नोकरी जाऊन वर्ष होत आलं. मागच्या जूनमध्येच कॉलेजनं कळवलं, या वर्षी तुमची गरज नाही."

मी तुमच्याकडं बघत राहिले. वर्षभर मी जांभळीखाली बसले ते कुणाचे तास ऐकत होते? तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. खिडकीशी बोलत राहिलात. "गेल्या वर्षी कांद्याच्या दिवसांत एकदा मी अशाच कडेला जाऊन उभा राहिलो होतो. आता पुढं काही नाही असं वाटायचं. ते खोटं नसतं, तसं खरंच वाटतं. मग मी परत आलो. का आलो ते मलाही सांगता येत नाही. पण आल्यावर मी एक केलं. मी हे कुणाजवळ तरी बोललो. माझ्या भावाजवळ. तो काही शहाणा माणूस नाही, तो नुसता रात्रभर माझ्याजवळ बसून राहिला. तेवढं पुरलं. तू माझ्याजवळ बोल नाहीतर हिच्याजवळ बोल. उपाय आमच्याकडं नाही. पण आम्ही इथंच बसणार आहोत."

तिचे वडील वळले होते. तिच्या आईनं पदर तोंडात कोंबला होता. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मग आतून, कितीतरी दिवस न वापरलेल्या आवाजात ती म्हणाली, "सर, म्हणजे तुम्हाला पगार नाही?"

"नाही."

"मग तुम्ही रोज तास का घेता?"

"तुम्ही येता म्हणून," म्हणालात.

कडी निघाली. ती दारात उभी होती, केसांच्या जटा झालेल्या, ओठ फुटलेले. मी अंतर ठेवायचं विसरून गेले आणि तिला जवळ घेतलं. तिच्या अंगात माणसाचं वजन नव्हतं. मग मी ओट्यावर बसून तिचे केस विंचरले, हळूहळू, गाठ गाठ सोडवत, आणि ती रडत नव्हती, मीच रडत होते. तिच्या वडिलांनी आतून तुमच्यासाठी पाट आणला. तुम्ही त्यांच्याशी लग्नाबद्दल एक शब्द बोलला नाहीत. त्यांच्या गाडीबद्दल विचारलंत, कुठल्या सालची होती, अॅव्हरेज काय द्यायची. ते बोलायला लागले. कितीतरी वेळ बोलत राहिले. निघताना त्यांनीच सांगितलं, स्थळाला नाही कळवतो, परीक्षा होऊ द्या. तिला तुमच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंकडं न्यायचं तेही तुम्हीच ठरवून दिलंत, आणि तसं नेलं की नाही हे नंतर फोन करून विचारत राहिलात.

परतताना गाडीवर मी तुम्हाला विचारलं, ते सगळं खरं होतं का. तुम्ही म्हणालात, "नोकरीचं खरं होतं." आणि दुसरं? वारा होता, तुम्हाला ऐकू आलं नसेल. मी परत विचारलं नाही. शेताच्या बांधावर मला उतरवून म्हणालात, "संध्याकाळी तास आहे. उशीर करू नकोस."

तो तास झाला. त्यानंतरचेही थोडे झाले. मग एक दिवस तुमचा मेसेज आला, कणकण आहे, दोन दिवस तास नाही. आम्ही सगळ्यांनी 'काळजी घ्या सर' टाकलं. दोन दिवसांनी तास झाला नाही. तुमच्या भावाचा ग्रुपवर मेसेज आला, ऑक्सिजनचा बेड कुठं असेल तर कळवा. आम्ही, ज्यांच्या फोनमध्ये बोलायला पैसे नसायचे, आम्ही कुठं कुठं फोन लावले सर. हॉटेलातला तो मुलगा मंचरमध्ये सायकलवरून दवाखान्यामागून दवाखाने फिरला. माझी मैत्रीण, जी बोलत नव्हती, ती दिवसभर अनोळखी माणसांशी बोलत होती. बेड मिळालाही. त्या रात्री आम्ही सुटलो असं वाटून झोपलो.

मला कळलं ते असं. मी कांद्यात बसले होते. फोन वाजला म्हणून हात पुसून बघितलं. ग्रुपवर वर एक पीडीएफ होतं, खाली परीक्षेच्या वेळापत्रकाची सूचना, आणि मध्ये तुमचा फोटो. गॅदरिंगमधला, कोट घातलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मला आधी वाटलं तुमचा सत्कार झालाय. खरंच असं वाटलं. मग मी ती अक्षरं परत वाचली. समोर डिश होत्या, बाया बोलत होत्या, कुणीतरी चहा घे म्हणालं, मी घेतला. मी तो चहा प्यायले सर. आईनं माझ्याकडं बघितलं तेव्हा तिला कळलं. तुमच्या अंत्यविधीला कुणालाच जाता आलं नाही, तुमच्या भावालाही लांबूनच. त्या संध्याकाळी तासाच्या वेळेला लिंक नव्हती. तरी आम्ही एकेक जण ग्रुपवर नुसतं 'हजर' लिहिलं. कुणी सुरू केलं ते आठवत नाही. सगळ्यांनी लिहिलं. मग कुणीतरी, बहुतेक त्या हॉटेलातल्या मुलानं, लिहिलं, 'जेवलो सर.'

आम्ही पास झालो. घरबसल्या. माझी मैत्रीण आता नारायणगावला एका लॅबमध्ये रक्त तपासते, तिच्या वडिलांनी जुनी रिक्षा घेतली. तो मुलगा पुण्यात आहे, बरा आहे. माझे वडील परत मेसमध्ये गेले. मी पुढचं शिक्षण केलं. आणि जुन्नरच्या त्या मुलाखतीचं परवा कळलं, ते मला घेताहेत. तासिका तत्त्वावर. हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला कळत नाही. आनंद झाला असता की तुम्ही तोच भाकरीचा तुकडा हातात धरून बसला असतात?

ही बातमी सांगायला मी मंचरला तुमच्या घरी गेले. वहिनी आता शिवणकाम करतात, मशीन दारातच असतं. मुलगी मोठी झालीय, तुमच्यासारखी चालते. वहिनींनी चहा दिला आणि मशीनवरचं कापड बाजूला सारून म्हणाल्या, "एक विचारू? यांचा तास मी कधी ऐकलाच न्हाई. आतल्या खोलीत दार लावून घ्यायचे. नुसता आवाज यायचा, शब्द कळायचे न्हाईत. कसं शिकवायचे हो ते?"

मी म्हणाले, खूप छान. सगळ्यांना आवडायचा त्यांचा तास. त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले, मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मी आणखी दोन-चार गोष्टी सांगितल्या, मुलं कशी वाट बघायची वगैरे.

हे कागद मी त्यांना देणार नाही, आणि तुमचा पत्ता कुणाकडंच नाही. तेव्हा इथं तरी खरं सांगते. सर, तुमचा तास कंटाळवाणा असायचा. तुम्ही फार हळू बोलायचात, एकच समीकरण तीन तीनदा सोडवायचात, आणि शेवटच्या बाकावर आम्ही पेंगायचो. जांभळीखालीसुद्धा मला कितीदा डुलकी लागली.